साखरबाईला विचार

शिक्रापूर
३ नोव्हेंबर २०२४

चि. तेजश्री हिस,
आजीचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि. इकडील सर्व खुशाल. तुझी खुशाली कळवत जा.

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. घरात तीन मोबाईल असताना म्हातारीनं पोस्टाचं तिकीट का चिकटवलं, ते सांगते. फोनवर तू ‘सगळं ठीक आहे आजी’ म्हणतेस आणि ठेवून देतेस. कागद असा ठेवता येत नाही. आलेला कागद मी दोनदा वाचून घेणार, एकदा बातमीसाठी आणि एकदा तू काय गाळलंस त्यासाठी.

लिहायला समोरचे जयसिंगआप्पा बसलेत. जन्मभर एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे सगळ्या तालुक्याला तिकिटाएवढ्या जागेत बसवायची सवय. मी ‘हाय’ म्हणते, ते ‘आहे’ लिहितात. लिहा म्हटलं, मला कुठं वाचायचंय. बाकी शब्द माझे. एक जरी बदलला तर चहा बंद, असा करार आहे, आणि हेही त्यांनीच लिहिलंय.

तू बनवलेलं ते ‘विचारपूस’ ॲप तुझ्या बापानं माझ्या मोबाईलमध्ये घातलं. तुझी आई सुट्टीच्या दिवशी वस्तीत घरोघर हिंडून बाकीच्या बायकांच्या मोबाईलमध्ये घालून आली. सकाळी त्यातली बाई बोलते, सोजरबाई, आज आपल्याला कसं वाटतंय? बोलते छान, पण लग्नाचं आवतण द्यायला आल्यासारखी. मग विचारते शुगरची गोळी घेतली का, तळपाय बघितले का. तुझ्या आज्यानं सगळ्या संसारात माझ्या तळपायाची चौकशी केली नव्हती.

आता गाळलेलं सांग. प्रतिभा म्हणते, मार्चमध्ये दौंडच्या त्या संस्थेची बैठक आहे, तिथं पटलं नाही तर तुझं काम बंद. हे मला सुनेकडून कळावं?

लोभ असू दे, आणि तो कागदावर उतरू दे.

तुझी आजी
सोजरबाई (अंगठा)
हस्ते जयसिंग


दौंड
११ नोव्हेंबर २०२४

ती. आजीस,
तेजश्रीचा सा. जयभीम. वि. वि. तुझं पत्र पोचलं. माझ्याबरोबर काम करणारा सत्यजीत ते वाचून इतका हसला, की खालच्या दुकानदारानं वर येऊन काय झालं विचारलं.

गाळलेलं सांगते. संस्थेनं आम्हा दोघांना वर्षभरासाठी खोली आणि पगार दिलाय. २८ मार्चला बैठक. तिथं डॉक्टर लोक बसतील आणि एकच गोष्ट विचारतील: तुमच्या ॲपमुळे कुणाचं दुखणं वेळेत कळलं का? एकाचं तरी दाखवता आलं तर पुढे चालेल. नाहीतर मी परत पुण्याला, दुसऱ्याच्या कामाला. नोकरीला मी भीत नाही. पण आजोबांचं दुखणं आपल्याला कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. ते शेवटच्या आठवड्यापर्यंत ‘बरं हाय’ म्हणत होते. तेव्हापासून हे डोक्यात आहे.

म्हणून हे प्रत्येकीसाठी वेगळं केलंय. तुला शुगर आहे म्हणून तुला तळपाय विचारते, साळूबाईला बीपी आहे म्हणून तिला मिठाचं विचारते. जी कंपनीत उभ्यानं काम करते तिला पायांच्या सुजेचं, बाळंतिणीला झोपेचं. आणि आनंदाची गोष्ट अशी की शिक्रापूरहून रोज उत्तरं येतात, आणि सगळी हिरवी. एकीलाही काही होत नाही. सत्यजीत म्हणतो, तुमच्या वस्तीतलं पाणी बाटलीत भरून विकायला पाहिजे.

वस्तीत काय चाललंय ते सविस्तर कळव. आप्पांना नमस्कार, त्यांना दोन चहा दे.

तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझी नात
तेजश्री


शिक्रापूर
१ डिसेंबर २०२४

चि. तेजश्री हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम. इकडील सर्व खुशाल.

सविस्तर मागितलंस म्हणून आप्पांनी दोन कागद जास्तीचे आणलेत. साळूबाई परवा नळावर चक्कर येऊन बसली. हंडा कुणीतरी धरला म्हणून वाचला. तिची बीपीची गोळी ती एक दिवसाआड घेते, का, तर तोंड कडू होतं. भाग्यश्री सणसवाडीच्या कंपनीत लाइनवर उभी असते, घरी येते तवा तिची जोडवी निघत नाहीत, पाय भरून आलेले. मोनिकाचं बाळ गुटगुटीत आहे, पण ती दुपारी दार लावून रडते. सासूला वाटतं माहेरची आठवण. बाळ पाच महिन्यांचं झाल्यावर कुणी माहेरच्या आठवणीनं असं रडतं का?

आणि पलीकडची साखरबाई. नाव साखर, बोलणं कारलं. आमचं नळाच्या पाळीवरून जे बिनसलंय ते तुझ्या बापाच्या लग्नाआधीपासून. तिला शुगर निघाली तवा मला वाईट वाटलं, पण हसूही आलं. आता चहा बिनसाखरेचा पिते असं सगळ्यांना सांगते, आणि वर गुळाचा खडा चघळते. मला भिंतीवरून दिसतं.

मी ठणठणीत. तुझ्या बापानं, नवनाथनं, पगाराला नवी चप्पल आणली. जरा लागते, पण पोरानं हौसेनं आणली म्हणून घालते. तेवढ्यावरून चप्पल फेकतात होय?

बाळा, जेवत जा. सत्यजीतलाही जेवायला लाव, उपाशी माणसं फार हसतात.

लोभ आहे तो वापरत जा, नुसता साठवू नको.

तुझी आजी
सोजरबाई (अंगठा)
हस्ते जयसिंग

ता. क. गुळाबद्दल मी माझ्या बाजूने काही पाहिलेले नाही. जयसिंग.


दौंड
९ डिसेंबर २०२४

ती. आजीस,
सा. जयभीम. वि. वि. तुझं पत्र टेबलावर पसरलं आणि शेजारी वस्तीतून आलेली उत्तरं उघडली. साळूबाईला नळावर चक्कर आली, त्या सकाळचं तिचं उत्तर: बरं हाय. भाग्यश्रीची जोडवी निघत नाहीत, तिचं उत्तर: बरं हाय. मोनिका तर बाईला वर विचारते, तुम्ही बऱ्या आहात ना? कालपर्यंत ज्या हिरव्या रंगावर आम्ही खूश होतो तो बघवेना.

मग लक्षात आलं, यात खोटेपणा नाही. विचारणारा माणूस आपल्या दारात आला तर त्याच्या डोक्यावर आपलं दुखणं ठेवायचं नाही, हे आपल्या घरात कुणी न शिकवता शिकलेलं आहे. आजोबा तसेच गेले. तुझी पत्रंसुद्धा ‘इकडील सर्व खुशाल’नं सुरू होतात, आणि खाली अख्ख्या वस्तीची दुखणी असतात. मी माझी चूक सांगते. माणसाला त्याचंच विचारायचं असतं, असं मी धरून चालले.

म्हणून आता उलटं करतोय. साळूबाईला साळूबाईचं विचारायचंच नाही. तिला दुसरीचं विचारायचं. स्वतःबद्दल गप्प बसणारी बाई दुसरीबद्दल किती नीट बघते, ते तुझ्या पत्रात लिहिलंय. मात्र हे चोरून करणार नाही. आपल्याबद्दल कुणाला विचारायचं, ते जिचं तिनं सांगायचं, आणि नको म्हणाली तर नको. लग्नाचं आवतण देणारी ती बाईही काढून टाकली, आता माझा आवाज घातलाय.

बायकांना मैत्रिणी मैत्रिणींच्या जोड्या लावायला सांगशील का? हे तुझ्याशिवाय कुणी करू शकणार नाही.

तुझा हात पाठीवर असाच राहो.

तुझी नात
तेजश्री


शिक्रापूर
१७ डिसेंबर २०२४

चि. तेजश्री हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम. इकडील सर्व खुशाल. (तू बोललीस म्हणून मी गाळा म्हटलं, पण आप्पा म्हणतात ते आधीच लिहून झालं.)

रविवारी विहारात वंदना झाल्यावर सगळ्या बायकांना बसवलं आणि तुझं सांगितलं. पण मैत्रिणींच्या जोड्या मी लावू दिल्या नाहीत. अगं, मैत्रीण पांघरूण घालते. तिला म्हटलं कुणाला सांगू नको, की ती मरेपर्यंत सांगत नाही. आपली खरी खबर कुणाला असते? जिचं आपल्याशी पटत नाही तिला. ती डोळ्यांत तेल घालून बसलेली असते, आणि सांगताना तिची जीभ अडत नाही. म्हणून मी सांगितलं, जिच्याशी अबोला आहे तिचं नाव घ्या. आधी सगळ्या हसल्या, मग एकेकीनं मान वळवून आपापली बघून घेतली. साळूबाईनं विहिणीचं नाव दिलं, मोनिकानं जावेचं.

मला विचारलं तवा सगळ्यांसमोर साखरबाईचं नाव घ्यावं लागलं. पुढारी झाल्यावर मागे सरता येत नाही. साखरबाई इतक्या लगेच तयार झाली, की मला शंका आली. तिनंही माझंच नाव दिलं.

तुझा आवाज ऐकला. थोडी हळू बोल, आम्ही कुठं पळून चाललो नाही.

लोभ असू दे, साखरबाईला मात्र त्यातला देऊ नको.

तुझी आजी
सोजरबाई (अंगठा)
हस्ते जयसिंग


शिक्रापूर
५ जानेवारी २०२५

चि. तेजश्री हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम. इकडील सर्व खुशाल.

तू फोनवर तुझ्या आईला म्हणालीस की पहिल्या आठवड्यात आजाराऐवजी गाऱ्हाणीच आली. सून न विचारता माहेरी गेली, विहिणीनं लोणच्याची बरणी परत दिली नाही, जाऊ उर्मट आहे. यावर गोळी असेल तर दे, खप चांगला होईल. पण धीर धर. बायकांच्या पोटात आधी तुंबलेलं निघेल, मग कामाचं निघेल. आता निघायलाही लागलंय. मोनिकाचं रडणं तिच्या जावेनं तुझ्या मोबाईलला सांगितलं, मग सरकारी दवाखान्याच्या आशाताई येऊन तिच्याजवळ बसल्या. तेव्हापासून दुपारी तिचं दार उघडं असतं.

यंदा एक जानेवारीला मी कोरेगावच्या विजयस्तंभाला गेले नाही. गर्दी फार. नवनाथ गाडीवरून सोडतो म्हणत होता, मी म्हटलं तुम्ही जाऊन या. दोन रविवार विहारातही गेले नाही. थंडी पडलीय, पाय पांघरुणात घेऊन बसावंसं वाटतं. आप्पा म्हणतात, पत्र सांगायला पूर्वी दारात येऊन बसायच्या, आता मला आत का बोलावता. हे लिहू नका म्हटलं, तर तेही लिहिलं.

साखरबाई भिंतीवरून बघत असते. तिला दुसरा उद्योग नाही.

एक लक्षात ठेव. मार्चची बैठक होईपर्यंत इकडे फिरकू नकोस. काम अर्धं टाकून आलीस तर मी दार उघडणार नाही.

लोभ असावा, पण दौंडात बसूनच.

तुझी आजी
सोजरबाई (अंगठा)
हस्ते जयसिंग


दौंड
१९ जानेवारी २०२५

ती. आजीस,
सा. जयभीम. दवाखान्यात पाच दिवस मी उशाशी होते, आणि मी बोलायला तोंड उघडलं की तू झोपेचं सोंग घेत होतीस. म्हणून आता कागदावर सांगते. आप्पा, तिला हे दोनदा वाचून दाखवा.

तुझं ५ तारखेचं पत्र माझ्या हातात पडायच्या आधी, ८ तारखेला सकाळी साखरबाईनं तुझ्या नावापुढे लाल बटण दाबलं. एकदा नाही, तीनदा. वर आवाजात सांगितलं, की सोजरबाई टाचेवर चालतेय, पायात दिवसभर मोजा असतो, तो स्वतः धुते आणि उन्हात न घालता आत गोधडीखाली वाळवते, आणि मोज्याला डाग आहे. तापात फणफणलेली असतानाही ही बाई एक जानेवारीला गेली होती, यंदा घरी बसली, म्हणजे पाय नक्की कामातून चाललाय. तिला विचारू नका, ती खोटं बोलेल. माणूस पाठवा.

शुगरवाल्यांचा जुना प्रश्न आम्ही काढला नव्हता, त्याला त्याच सकाळी तुझंही उत्तर होतं. तळपाय बघितले का? व्हय, बरं हाय.

ॲपला तुझी शुगर माहीत होती. शुगर, पायाची जखम आणि घराबाहेर न पडणं, हे तिन्ही एकत्र आलं की त्यानं वाट बघायची नाही, असं आम्ही शिकवलं होतं. त्यानं एकाच वेळी मला, बाबांना आणि आशाताईंना कळवलं. बाबा कंपनीतून तसेच निघाले, डोक्यावरचं हेल्मेट घरात आल्यावर काढलं. नव्या चपलेनं अंगठ्याला फोड आला, तो फुटला, आणि शुगरमुळे तुला दुखलंच नाही. डॉक्टर म्हणाले, अजून काही दिवस गेले असते तर अंगठा काढावा लागला असता, आणि तेवढ्यावर थांबलं असतंच असं नाही. आता अंगठा वाचलाय. मोजा सोडायचा, इन्सुलिन घ्यायचं, पाय टेकायचा नाही.

मी रागावलेय. किती, ते लिहायला आप्पांच्या अक्षरातसुद्धा कागद पुरणार नाही.

लोभ आहे, म्हणूनच राग आहे.

तुझी नात
तेजश्री


शिक्रापूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. तेजश्री हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा वाचताना आप्पांचा आवाज बसला, म्हणून मी त्यांना पाणी दिलं. पाय न टेकता दिलं, सरकत गेले, तेवढ्यासाठी पुन्हा रागावू नकोस.

पाय दिसला तवाच मला कळलं होतं की हे बरं लक्षण नाही. पण तुला कळलं असतं तर तू त्याच संध्याकाळी पिशवी उचलून आली असतीस. मार्चची बैठक माझ्या अंगठ्यापायी बुडाली असती. म्हातारीचा एक अंगठा गेला तर काय, कागदावर उठवायला हाताचा आहेच, असा मी विचार केला. तुझ्या आज्यानंही असाच काहीतरी विचार केला असेल. त्यांच्यावर मी इतकी वर्षं चिडून आहे, आणि वेळ आली तवा त्यांचंच वाक्य माझ्या तोंडात आलं.

आता साखरबाईचं ऐक. रोज सकाळी येते. भिंतीवरून नाही, दारातून. बिनमिठाची भाजी आणते, ती खाण्यापेक्षा इन्सुलिनची सुई बरी. माझा पाय मांडीवर घेऊन चष्म्यातून असा बघते जसं काही सोनं पारखतेय. काल म्हणाली, तुझ्या पायाला काही झालं असतं तर मी भांडायला कुणाकडे गेले असते. मी म्हटलं, गुळाचा खडा दाखव आधी. तिनं कनवटीचा काढून दिला. मग मीही तिच्यावर लाल बटण दाबलं, शेजारधर्म म्हणून.

बैठकीला माझा अंगठा घेऊन जा. नाव सांग, गाव सांग, फोटो दाखव, माझी ना नाही. पण साखरबाईचं नाव माझ्या आधी घे. ती विचारणार आहे.

लोभ असू दे, आणि राग थोडा कमी वाढ.

तुझी आजी
सोजरबाई (अंगठा)
हस्ते जयसिंग


दौंड
३० मार्च २०२५

ती. आजीस,
सा. जयभीम. वि. वि. जिंकलो.

आता सावकाश सांगते. बैठकीत आधी आमची हिरवी उत्तरं दाखवली, आणि ती सगळी फसवी होती हेही आम्हीच सांगितलं. एक साहेब घड्याळ बघायला लागले. मग मी साखरबाईचा आवाज लावला. ‘तिला विचारू नका, ती खोटं बोलेल’ इथवर आल्यावर सगळे हसले, आणि मी तुझ्या पायाचा फोटो दाखवल्यावर हसायचे थांबले. टेबलाच्या टोकाला एक म्हाताऱ्या डॉक्टरबाई होत्या. त्यांनी आवाज पुन्हा लावायला सांगितला. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, माझे पेशंट मला जन्मभर बरं हाय म्हणत आले, मी त्यांच्या शेजारणीला कधी विचारलंच नाही.

मग मोनिकाचं सांगितलं, आणि साळूबाईचं. तिच्या विहिणीमुळे गोळी बदलून मिळाली, आता ती रोज घेते. अजून दोन वर्षं काम मिळालं. आधी शिरूर तालुक्यात सगळीकडे, मग कुरकुंभच्या एमआयडीसीत. तिथं परगावची पोरं खोल्या घेऊन राहतात, घरचं कुणी जवळ नाही. तिथं दिवसपाळीवाल्याला रातपाळीवाल्याचं विचारायचं ठरलंय. एकाच खाटेवर आळीपाळीनं झोपणारे ते, त्यांची रोज भांडणं होतात म्हणे. मी म्हटलं, मग उत्तम.

ज्या बटणानं जोडी निवडायची त्याचं नाव आम्ही ‘शेजारीण’ ठेवलंय. ती कल्पना कुणाची, असं त्यांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं, पण साखरबाईचं झाल्यावर.

जयंतीला येतेय. आता तरी दार उघड.

तुझी नात
तेजश्री


शिक्रापूर
१६ एप्रिल २०२५

चि. तेजश्री हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

तू काल गेलीस आणि आज लगेच पत्र, म्हणून आप्पा कुरकुरतायत. त्यांना म्हटलं, मिरवणुकीत तुम्ही तर पुढे झेंड्याजवळ होता, मागे काय झालं ते तुम्हाला कुठं माहीत. लिहा म्हणजे कळेल.

तुझ्या बापानं चौकात खुर्ची मांडून ठेवली होती, की आई इथपर्यंत येईल आणि बसेल. मी खुर्चीपाशी आले, खुर्चीकडे बघितलं आणि पुढे गेले. नव्या मऊ चपला, निळी साडी, दहाही बोटं जागेवर. ढोल वाजत होता, तू माझा हात धरायला आलीस तर मी तुझा झटकला. ते तुला लागलं का? राग नव्हता गं. मला आपल्या पायांनी विहारापर्यंत जायचं होतं, आणि तू ते मागून बघावंस असं वाटत होतं.

साखरबाई सगळी वाट माझ्या मागे, डोळे माझ्या टाचांवर. विहाराच्या पायरीवर मी वळून तिला म्हटलं, आता तरी वर बघ, बाबासाहेबांचा फोटो पुढे आहे. ती म्हणाली, ते मला रोज बघायला मिळतात, तुझी चाल नीट आज दिसली.

सकाळी तुझ्या आवाजातल्या बाईनं मला साखरबाईचं विचारलं. सांगितलं, शुगर उतरलीय, गूळ सुटलाय, जीभ तशीच आहे. उत्तर हिरवंच आलं. जिभेसाठी वेगळा रंग करता आला तर बघा.

आप्पा आठवण करतायत की वरती खुशालीची ओळ राहिली. मुद्दाम ठेवली होती, शेवटी घालायला. इकडील सर्व खुशाल, आणि माझ्यावर विश्वास नसेल तर साखरबाईला विचार.

तुझी आजी
सोजरबाई (अंगठा)
हस्ते जयसिंग